माळ्यावरचं ऊन

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे होता. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले आणि घरांवरची कौलं पत्त्यांसारखी उडाली. पावसाळा दाराशी उभा होता. नवी कौलं मिळत नव्हती आणि ती चढवणारे हात त्याहून मिळत नव्हते. लोकांनी मिळेल ती ताडपत्री बांधून दिवस काढले आणि मग मिळेल तो पत्रा चढवला. आमच्या बैठ्या घरावरही तेव्हाच पत्रा आला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याच्या बाहेरून उत्तरेकडे गेलं. तेव्हाही वारा भरपूर होता, पण पत्रा हलला नाही. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. मात्र त्याच महिन्यात आईने आपली खाट माजघरातून ओटीवर नेली. माजघर हे आमच्या घरातलं पिढ्यान्‌पिढ्या सर्वांत गार असलेलं ठिकाण. बाळंतिणी तिथे राहिल्या, आजारी माणसं तिथे बरी झाली. ऐंशीच्या घरातली आई म्हणाली, “आत निजले की वरून कुणी निखाऱ्याची शेगडी धरल्यासारखं वाटतं.” पंखा लावला तर तो गरम हवा खाली फेकत होता. एसी बसवणं हा पहिला सल्ला सगळ्यांनी दिला. मला त्याआधी हे समजून घ्यायचं होतं, की भिंती त्याच, जमीन तीच, मग बिघडलं ते नेमकं काय?

मी अभियंता नाही. पुस्तकं वाचत, माळ्यावर उष्णतामापक टांगून वहीत आकडे लिहीत आणि दोनदा चुकत मला जे समजलं, ते इथे मांडतो आहे. निसर्गनंतर या किनाऱ्यावर पत्र्याखाली राहायला आलेली कुटुंबं पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीचशी आता विजेच्या बिलाकडे पाहून हाच प्रश्न विचारत आहेत.

माळा पूर्वी काय करत होता

कोकणी घराचा माळा ही सामान ठेवायची जागा, एवढंच आपण समजतो. पण त्या सामानाकडे नीट पाहा. भाताच्या कणग्या, पेंढ्याच्या गुंड्या, शेणी, सुकं, वाळलेले नारळ, जुन्या गोधड्या. यांतल्या जवळपास प्रत्येक वस्तूत हवा अडकलेली असते, आणि अडकून स्थिर झालेली हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक असते. आपल्या वाडवडिलांनी उष्णतारोधक थर म्हणून पेंढा माळ्यावर ठेवला नव्हता, तो गुरांसाठी ठेवला होता. तरी तो दोन्ही कामं करत होता.

हेच तत्त्व मासळी बाजारात रोज दिसतं. बंदरावर बर्फाच्या लाद्या लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेल्या असतात. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याने बॉस्टनहून कलकत्त्याला नैसर्गिक बर्फ जहाजाने पाठवला. सुमारे १८० टन बर्फ निघाला आणि चार महिन्यांचा, दोनदा विषुववृत्त ओलांडणारा प्रवास करून त्यातला साधारण १०० टन पोचला. त्या काळी त्याच्याजवळ यंत्र नव्हतं. भुसा होता आणि हवा न शिरणारी कोठी होती.

माळ्याच्या वर कौल होतं. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही खाचेची कौलं पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्याआधी नळीची कौलं आणि गवत होतं. मंगळुरी कौल दोन ते तीन किलोचं असतं आणि चौरस मीटरला अशी पंधराच्या आसपास लागतात. म्हणजे डोक्यावर चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास माती असते. ती तापायला वेळ लागतो. दोन कौलांमधल्या फटींतून गरम हवा सतत बाहेर झिरपते. शिवाय भाजलेली माती पाणी पिते. पहाटेचं दव ती शोषून घेते आणि सकाळी ते वाळताना स्वतः थोडी गार होते.

म्हणजे जुन्या छपराला तीन राखणदार होते: जड आणि पाणी पिणारी माती, फटींतून हलणारा वारा, आणि माळ्यावरचा पेंढा. भातशेती कमी झाली, गोठे रिकामे झाले, घरोघर गॅस आला आणि शेणी गेल्या. माळा वादळाच्या कितीतरी आधीच रिकामा झाला होता. वादळाने उरलेले दोन राखणदार एका दुपारी नेले. त्यांच्या जागी जो पत्रा आला, तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो आणि ऊन वर आलं की काही मिनिटांत तापतो.

उष्णता खाली येते ती कशी

गरम हवा वर जाते हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. मग तापलेल्या पत्र्याखालची हवा वरच राहायला हवी. ती बहुतांशी वरच राहते. तरीही खालची फळी तापते, कारण पत्र्यातून खाली येणारी मोठी उष्णता हवेतून येतच नाही. ती प्रारणाने, म्हणजे न दिसणाऱ्या किरणांनी येते. चुलीसमोर बसल्यावर तोंड भाजतं आणि पाठ गार राहते, तोच हा प्रकार. आईचं शेगडीचं वर्णन शास्त्राला धरून होतं.

किती उष्णता येते याचा अंदाज गणिताने बांधता येतो. समजा, मे महिन्यात दुपारी पत्रा ६५ अंश सेल्सिअसवर आहे आणि माळ्याची फळी ३५ अंशांवर. दोन्ही पृष्ठभाग मंद, म्हणजे चकाकी नसलेले आहेत. अशा वेळी दर चौरस मीटरला सुमारे १९० वॅट उष्णता पत्र्याकडून फळीकडे येते. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर हे साधारण १,७५० वॅट होतात. कपड्यांच्या दोन इस्त्र्या छताला उलट्या टांगून चालू ठेवल्यासारखं ते आहे. फळी तापत जाते तसा हा आकडा उतरतो, पण दुपारचा पहिला मारा हा असा असतो.

एक टनाचा एसी खोलीतून साधारण ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे त्याची निम्मी ताकद केवळ छपराशी झुंजण्यात जाते. एवढी उष्णता उपसायला त्याला ५०० वॅटच्या आसपास वीज लागते. असे पाच तास धरले तर दिवसाला अडीच युनिट, एका खोलीपुरते. ज्यांच्याकडे एसी नाही त्यांचं बिल वाढत नाही, पण झोप जाते. आपल्या शरीराला हवेच्या तापमानाइतकीच भोवतालच्या पृष्ठभागांची उष्णता जाणवते. हवा ३३ अंशांवर असली आणि छत ४५वर असलं, तर शरीर त्या दोन्हींच्या मधलं काहीतरी सोसत असतं. किनाऱ्यावर दमट हवेमुळे घामही लवकर वाळत नाही. म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं यांना हे सर्वांत जड जातं.

आता त्याच गणितात एकच गोष्ट बदलू. पत्र्याखाली थोडं अंतर सोडून ॲल्युमिनिअमचा चकचकीत पडदा ताणून बसवला. तो पडदाही तापून ६५ अंशांवर गेला असं धरलं, तरी चकचकीत धातू उष्णतेचे किरण फारच कमी सोडतो. चौरस मीटरला येणारे १९० वॅट ११वर येतात. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन इस्त्र्यांच्या जागी जुन्या काळचा १०० वॅटचा एक दिवा उरतो. चार-पाच वर्षांनी पडदा मळला आणि त्याची ही क्षमता निम्म्याने घसरली, तरी दोन दिवे.

चहाच्या थर्मासमधल्या काचेला आतून चांदीसारखा मुलामा असतो तो याच कारणासाठी. जेम्स ड्यूअरने १८९२ साली केलेली ही युक्ती आपण रोज हाताळतो आणि छपराला लावायला विसरतो. मात्र एक अट आहे. चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा हवी, निदान इंचभर तरी. पडदा पत्र्याला किंवा फळीला चिकटवून टाकला, तर उष्णता त्याच्यातून सरळ वाहत जाते आणि चकाकी वाया जाते. दुकानात मिळणाऱ्या ‘बबल शीट’चंही तेच. त्यातल्या बुडबुड्यांची जाडी किरकोळ असते. तिचा खरा गुण म्हणजे चकाकी.

मग पत्राच वरून चकचकीत घेतला तर? इथे माझी पहिली चूक झाली होती. मला वाटलं, चकाकणारा पत्रा ऊन परतवून लावेल. तो लावतो, पण जे थोडं ऊन शोषतो ते किरणांच्या रूपाने बाहेर टाकणं त्याला जमत नाही, कारण चकाकी दोन्ही दिशांना कंजूष असते. उन्हात ठेवलेली स्टीलची वाटी हाताला चटका देते ती यामुळे. पांढरा रंग किंवा चुना ऊनही परतवतो आणि शोषलेली उष्णता आकाशाकडे सहज सोडूनही देतो. म्हणून छपराचा साधा नियम असा: वरून पांढरं, आतून चंदेरी. निळा, लाल, हिरवा पत्रा दिसायला चांगला दिसतो, पण उन्हाच्या बाबतीत तो काळ्याचा चुलतभाऊ असतो.

माझी दुसरी चूक, आणि पत्र्याचा घाम

२०२१च्या उन्हाळ्याअखेर मी एका ओळखीच्या कंत्राटदाराच्या सल्ल्याने माजघरावर फॉल्स सीलिंग करून घेतलं आणि त्यावर काचेच्या लोकरीच्या, म्हणजे ग्लासवूलच्या गाद्या उघड्याच अंथरल्या. पहिले काही दिवस फरक उत्तम होता. आईची खाट आत आली. श्रावणात छताला पिवळे डाग पडले, मग कुबट वास येऊ लागला. दिवाळीपूर्वी वर चढून पाहिलं तर गाद्या भिजलेल्या गोधडीसारख्या बसल्या होत्या आणि सीलिंगचे स्क्रू गंजले होते. छप्पर कुठेही गळत नव्हतं.

कंत्राटदार खोटं बोलला नव्हता. ग्लासवूल चांगला माल आहे. चूक ही होती, की आम्ही दोघांनीही थंड आणि कोरड्या देशांतली पद्धत जशीच्या तशी समुद्रकाठी आणली होती.

हवेत वाफ असते आणि प्रत्येक हवेचा एक दवबिंदू असतो. हवा ३० अंशांवर आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. आपल्याकडे पावसाळ्यात ही रोजची स्थिती. २६पेक्षा गार असलेल्या कोणत्याही वस्तूवर या हवेतलं पाणी जमतं, बर्फाच्या पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो तसं. खोलीत एसी २२ किंवा २४वर लावला, की सीलिंगची पाठ गार होते. माळ्यावरची दमट हवा लोकरीतून झिरपत त्या गार पाठीपर्यंत पोचते आणि तिथे पाणी होते. आमच्या पाहुण्यांनी एका आठवड्यापुरता भाड्याने आणलेला एसी परत गेला तरी तो ओलावा वाळला नाही, कारण श्रावणातल्या माळ्यावर वाळायला जागाच नसते.

अमेरिकन पुस्तकं सांगतात, प्लास्टिकचा वाफरोधक कागद खोलीच्या बाजूला लावा. त्यांच्या हिवाळ्यात वाफ घरातून बाहेर जाते, म्हणून ते बरोबर आहे. आपल्याकडे एसीच्या खोलीत वाफ बाहेरून आत येते. कागद खोलीच्या बाजूला लावला तर पाणी नेमकं त्याच्यावर साचतं. आपल्याकडे वाफेला अडवणारा थर वरच्या, माळ्याच्या बाजूला हवा. ज्या खोलीत एसी नाही आणि येणारही नाही, तिथे असा कागद न लावलेलाच बरा. थराला दोन्हीकडून श्वास घेऊ द्यावा. आणि एसी २६वर ठेवून पंखा लावला, तर वीजही वाचते आणि छताची पाठ दवबिंदूच्या फार खाली जात नाही.

दुसरा घाम पत्र्याचा. निरभ्र थंडीच्या रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश गार होतो. पहाटे त्याच्या खालच्या बाजूला दव जमतं आणि थेंब थेंब खाली पडतं. कौल हे पाणी पिऊन टाकत असे, पत्रा पिऊ शकत नाही. म्हणून पत्र्याखालचा चंदेरी पडदा हे दुसरं छप्परच समजून बसवावं. वरच्या पट्टीची कड खालच्या पट्टीवर यावी आणि शेवटची कड वळचणीबाहेर पन्हळीपर्यंत न्यावी, म्हणजे पडलेला थेंब माळ्यावर न येता पागोळीच्या वाटेने बाहेर जातो.

किती जाड?

दुकानदार जाडी विकतो, कारण जाडी डोळ्यांना दिसते. अमेरिकेतल्या थंड राज्यांत माळ्यावर तेरा-चौदा इंच किंवा त्याहून जाड थर घालण्याची शिफारस असते. तिथे हिवाळ्यात घराच्या आत-बाहेर तीस-चाळीस अंशांचा फरक महिनोन् महिने, रात्रंदिवस टिकतो. आपल्याकडे छप्पर तापतं ते दिवसाचे सहा-आठ तास. हे गणित वेगळं आहे.

पत्रा, मधली हवा आणि फळी मिळून खाली जाणारी उष्णता १०० धरू. फळीवर चांगल्या लोकरीचा किंवा थर्माकोलसारख्या पदार्थाचा एक इंच थर घातला की ती साधारण ३४वर येते. दोन इंचांनी २१, चार इंचांनी १२. पहिला इंच ६६ वाचवतो, दुसरा १३, आणि त्यापुढचे दोन मिळून अवघे ९. एसी-फ्रिजवर तारे देणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी’ने २०१८ साली घरांसाठी ‘इको-निवास संहिता’ आणली. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना छपरातून चौरस मीटरला १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये, अशी तिची मर्यादा आहे. गावातल्या छोट्या घराला ही संहिता बंधनकारक नाही, पण मोजपट्टी म्हणून ती उपयोगाची आहे. साध्या फळीवर एक इंच थर नीट बसला तर ती मर्यादा जेमतेम गाठली जाते. दोन इंचांनी आरामात. त्यापुढचा पैसा इतरत्र घालावा.

कोणता पदार्थ?

ग्लासवूल आणि रॉकवूल जळत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. पण ओले झाले की निकामी होतात, आणि खारं पाणी धरून ठेवून लोखंड गंजवतात. वापरायचे तर वरून वाफरोधक आवरण असलेले, कडा चिकटपट्टीने बंद केलेले घ्यावेत. हाताळताना नाकातोंडाला फडकं आणि अंगात लांब बाह्या हव्यात, तंतू टोचतात.

थर्माकोल स्वस्त आणि हलका आहे, पाणी कमी पितो. मासळीच्या पेटीने त्याची लायकी सिद्ध केली आहे. मात्र तो पेट घेतो आणि काळा धूर सोडतो, म्हणून आग लवकर न पकडणारी प्रतच घ्यावी आणि उघडा ठेवू नये. मुंग्या आणि उंदीर त्यात बिनधास्त घर करतात. विजेच्या तारा त्याला चिकटू देऊ नयेत. तारेच्या प्लास्टिकमधली द्रव्यं थर्माकोलमध्ये उतरतात आणि आवरण कडक होऊन तडकतं. दाब देऊन बनवलेला एक्सपीएस हा त्याचा थोरला भाऊ. तो ओलाव्याला अधिक चांगला तोंड देतो आणि महागही पडतो.

पफ पॅनेल म्हणजे दोन पत्र्यांमध्ये भरलेला पॉलियुरेथेनचा फेस. तेवढ्याच जाडीत तो सर्वांत जास्त अडवतो. नवं छप्परच घालायचं असेल तर याचा विचार जरूर करावा. असलेल्या छपराखाली तो बसवणं म्हणजे दुप्पट खर्च.

भाताचं तूस हा आपल्या गिरणीत मिळणारा पदार्थ. त्याच्यात सिलिका भरपूर असल्याने तो पेंढ्यासारखा भडकत नाही आणि लवकर कुजत नाही. पूर्वी बर्फाच्या कारखान्यांच्या भिंतींत तो भरत असत. उष्णता अडवण्यात तो ग्लासवूलपेक्षा थोडाच मागे आहे. अडचणी दोन. त्याच्यात दाणा राहिला तर उंदीर येतात, आणि आग लागलीच तर तो ज्वाळेशिवाय आतल्या आत धुमसतो. जिथे विजेची तार नाही आणि ओल नाही अशा जागी, पाखडून कडक उन्हात वाळवलेलं तूस गोणीत शिवून ठेवायला हरकत नाही. तार जाते तिथे नको.

विजेच्या तारांबद्दल आणखी एक. कोणत्याही जाड थराखाली पुरलेली तार आपली उष्णता बाहेर टाकू शकत नाही. माळ्यावरची जुनी वायरिंग तपासल्याशिवाय तिच्यावर काहीही अंथरू नये.

ज्यांच्या घरावर सिमेंटचे जुने पत्रे आहेत त्यांच्यासाठी सावधगिरीची सूचना. ते बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. त्याचे सगळे प्रकार कर्करोग घडवतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि धोका असतो तो धुळीचा. असे पत्रे भोकं पाडणं, कापणं, रंगापूर्वी तारेच्या ब्रशने घासणं टाळावं. पडदा बसवायचा तर वाशांना बसवावा, पत्र्याला हात लावू नये.

वाऱ्याची वाट

चांगला थर घातला आणि माळा बंद करून टाकला, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. गरम हवेला आढ्यापाशी वाट हवी आणि तिच्या जागी येणाऱ्या हवेला वळचणीपाशी. दोन्हीकडे गंज न धरणारी जाळी लावावी, नाहीतर वटवाघळं आणि उदमांजरं मुक्कामाला येतात. मात्र निसर्गने शिकवलेला धडा इथे विसरून चालणार नाही. वारा एका बाजूने माळ्यात शिरला आणि त्याला निघायला वाट नसली, तर तो छप्पर आतून उचलतो. म्हणून समुद्राच्या बाजूला एकच मोठं तोंड ठेवण्याऐवजी दोन्ही पाखांच्या वळचणीला सारख्या छोट्या वाटा ठेवाव्यात आणि आढ्यावर झाकणाखालची फट.

आणखी एक गोष्ट अनुभवाने कळली. उष्णतारोधक थर दोन्ही दिशांना रोखतो. पूर्वी पत्रा संध्याकाळी झटकन गार व्हायचा आणि घराची ऊब वरून निघून जायची. आता जांभ्याच्या भिंतींनी दिवसभरात साठवलेली उष्णता रात्री घरातच राहते. उपाय सोपा आहे: दिवेलागणीनंतर खारा वारा सुटला की खिडक्या उघडायच्या, आणि सकाळी ऊन तापायच्या आत बंद करायच्या. माझी आजी हेच करायची. तिला कुणी संहिता वाचून दाखवली नव्हती.

आधी काय, नंतर काय

खर्चाचा क्रम मी असा लावतो. सर्वांत आधी गळती आणि पत्र्यांचे हुकबोल्ट. ओल्या आणि सैल छपराखाली काहीही घालणं म्हणजे पैसे पाण्यात. मग वरून पांढरा लेप. मग आढ्याची आणि वळचणीची हवा. मग वाशांखाली दोन्ही बाजूंनी चकचकीत पडदा. खालची बाजू महत्त्वाची, कारण तिच्यावर धूळ बसत नाही. खाऱ्या हवेसाठी संरक्षक लेपाचा पडदा घ्यावा आणि पिना स्टेनलेस स्टीलच्या. ओल्या चुन्याला किंवा सिमेंटला तो लागू देऊ नये, ॲल्युमिनिअम खाल्लं जातं. एवढं झाल्यावर एक उन्हाळा काढून पाहावा. तरीही गरज वाटली तर झोपायच्या खोल्यांवर तेवढा दीड-दोन इंचांचा थर. एसी या सगळ्यानंतर, आणि तेव्हा तो आधी ठरवला होता त्यापेक्षा लहान पुरतो.

आमच्या घरी हे सगळं व्हायला दोन वर्षं लागली, कारण पैसे तसतसेच जमले. ग्लासवूल काढून टाकलं. निळ्या पत्र्यावर पांढरा लेप दिला, खाली पडदा ताणला, आणि माजघरावर वरून आवरण असलेलं रॉकवूल घातलं. एसी अजून घेतलेला नाही. आईची खाट मे महिन्यातही आत असते. दुपारी चार वाजता ती एकदा “आज जरा उकडतंय” म्हणते. पूर्ण किनारा तेव्हा तेच म्हणत असतो.

हा अंक हाती पडेल तेव्हा पाऊस ओसरलेला असेल आणि ऊन कोवळं असेल. माळ्यावर काम करायला शिमग्यापर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. नंतर तिथे माणूस टिकत नाही आणि मृगापूर्वीच्या घाईत कारागीर मिळत नाही. खरेदीला निघण्याआधी मात्र एखाद्या दुपारी दोन वाजता स्वतः शिडी लावून माळ्यावर चढा आणि पाच मिनिटं बसा. उष्णता कुठून येते, वारा कुठून येतो, पाणी कुठून आलं होतं, हे तिथे बसल्यावर कळतं. दुकानात काय मागायचं ते त्यानंतर ठरवा.